एक जण यायला तयार नसेल तरी जा

सगळे तयार झाल्याशिवाय फॅमिली थेरपिस्टकडे जाण्यात अर्थ नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आमचे बाबा पहिले दोन महिने आलेच नाहीत. आई, मी आणि धाकटा भाऊ, तिघंच जायचो. तिथल्या बाईंनी चूक कुणाची हे एकदाही विचारलं नाही. भावाला विचारलं, "बाबा चिडले की आई काय करते?" तो म्हणाला, "माझ्या खोलीत येऊन बसते." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाबांशी बोलायचं ते सगळं ती त्याच्याशी बोलत होती आणि सोळा वर्षांचं पोरगं ते ओझं घेऊन फिरत होतं, हे आम्हाला तेव्हा दिसलं. आई थेट बाबांशी बोलायला लागली, तसे तिसऱ्या महिन्यात तेही आले.

थेरपिस्ट शोधताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांना, त्यांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा (RCI) नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. अख्ख्या कुटुंबाला एकत्र बसवून काम केलंय का, हेही विचारा. एकेकट्याचं समुपदेशन वेगळं असतं. सुरुवातच सुचत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.