रेंजफाइंडरवर एफ १.१ लेन्स घ्यावी का? (दशावताराचा रंगपट, एक बल्ब, फ्लॅश नाही)

वळचण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मी गावी, वेंगुर्ल्याकडे जातो आणि दशावताराचे फोटो काढतो. नाटकाचे नाही, ते सगळेच काढतात. माझा जीव त्याआधीच्या तासाभरात अडकलाय. देवळामागची पडवी, उघडलेला पेटारा, त्याला टेकवलेला आरसा, वर एकच पिवळा बल्ब, आणि मांडी घालून स्वतःचं तोंड स्वतः रंगवणारा नट.

कॅमेरा सेकंडहँड लायका एम ९ (रेंजफाइंडर, म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या मधल्या पॅचमध्ये दोन प्रतिमा हाताने जुळवून फोकस करायचा), लेन्स झाईसची प्लॅनार ५० एफ २ (५० एमएमची; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, एफ २, शटर १/३० सेकंद: गाडी दरवेळी इथेच अडते. आयएसओ २५०० पर्यंत जातो खरा, पण १२५० च्या पुढे सावल्यांत रांगोळी सांडल्यासारखी दिसते. गेल्या मोसमात एका रात्रीत १४० फोटो काढले. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तर डोळे धारदार आलेले फक्त १९. नट सारखा हलतो; बाकीच्यांत कान मात्र सुरेख आलेत.

एक फोग्टलँडर नॉक्टन ५० एफ १.१ चांगल्या स्थितीत मिळतेय. दीड महिन्याचा पगार जाईल. घरी अजून बोललो नाही. घ्यावी का? की दुसरं काही सुचवाल? जाणकारांनी प्रकाश टाकावा (पडवीत तसाही कमीच आहे).

निशाचर

घ्या! माझ्याकडे तीच आहे. एफ २ पेक्षा ३.३ पट प्रकाश आत येतो, म्हणजे तुमचा १/३० सरळ १/१०० होतो. पूर्ण उघडी ठेवली की मागचा बल्ब जो विरघळतो, तो पाहायला तरी घ्या. वजन चारशे ग्रॅमच्या वर आहे आणि व्ह्यूफाइंडरचा उजवा खालचा कोपरा लेन्सच खाऊन टाकते, ते चालवून घ्यायचं. घरी सांगायचं असेल तर आधी किंमत निम्मी करून सांगा.

सव्वाआठची लोकल

निशाचर, तुम्ही लोकांचे संसार मोडणार.

वळचण, जरा थांबा. पेटाऱ्याशेजारी बसता म्हणजे नट तुमच्यापासून साधारण एक मीटरवर. त्या अंतरावर ५० एमएमची डेप्थ ऑफ फील्ड (जेवढी खोली धारदार येते ती) एफ २ ला सुमारे साडेचार सेंटिमीटर. एफ १.१ ला अडीच. डोळा धरला तर नाकाचा शेंडा गेला. शिवाय नॉक्टन एक मीटरच्या आत फोकसच होत नाही, तुमची प्लॅनार ०.७ पर्यंत जाते. साडेचार सेंटिमीटरांत १४० पैकी १९ मिळाले तर अडीचमध्ये किती मिळतील, त्रैराशिक तुम्हीच मांडा.

तुमच्या धाग्यातला खरा मुद्दा मला लेन्समध्ये नाही, कानांत दिसतो. नेम हाताच्या थरथरीने किंवा नट हलल्याने चुकत असता तर कधी नाक, कधी कान असं आलं असतं. दरवेळी कानच येत असेल तर फोकस एकाच बाजूला, मागे पडतोय. दोन प्रश्न: पॅच मध्यावर धरून फोकस केल्यावर कॅमेरा फिरवून फ्रेम बदलता का? आणि कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर शेवटचा कधी जुळवून घेतलात?

वळचण

फ्रेम बदलतोच की, पॅच मध्यावर आणि चेहरा वर असतो. रेंजफाइंडर कधीच जुळवलेला नाही. जुळवायचा असतो हेच माहीत नव्हतं. :(

सव्वाआठची लोकल

मग दोन्ही दुखणी आहेत.

पहिलं. कॅमेरा उभा धरून चेहरा फ्रेमच्या वरच्या भागात आणायला साधारण १२ अंश खाली झुकवावा लागतो. फोकसचं प्रतल कॅमेऱ्याबरोबर फिरतं, पण नट तिथेच असतो. एक मीटरवर हा फरक दोन सेंटिमीटरांचा, आणि तो नेहमी मागेच पडतो. एफ २ ला कसाबसा खपून जातो. एफ १.१ ला डोळ्याच्या मागे जेमतेम सव्वा सेंटिमीटरची मुभा, तिथे नाही खपत. उपाय फुकट आहे: फ्रेम बदलल्यावर अंगठ्याच्या रुंदीइतकं मागे झुका.

दुसरं. जेवणाच्या टेबलावर पाच पेन्सिल सेल तिरक्या रांगेत उभे करा, एकामागे एक, पण एकमेकांना झाकणार नाहीत असे. कॅमेरा स्टँडवर, अंतर एक मीटर, लेन्स पूर्ण उघडी. मधल्या सेलवरच्या अक्षरांवर फोकस करून फोटो काढा. फोकस पूर्ण मोडून नव्याने करायचा, असं दहा वेळा. आणि निकाल संगणकावर बघा. एम ९ च्या अडीच इंची पडद्यावर सगळेच फोटो धारदार दिसतात, तो पडदा माणसाला खूश ठेवायला बसवलाय.

दुसरी घंटा

सव्वाआठ यांच्याशी सहमत, पण कॅमेरा दुरुस्तीला पाठवण्याआधी डोळे तपासा. वळचण, वय विचारू का? चाळिशी उलटली असेल तर हे नीट वाचा. एम ९ चं व्ह्यूफाइंडर उणे अर्धा डायऑप्टरला (भिंगाचा नंबर) बसवलेलं असतं, म्हणजे डोळ्याला ते चित्र दोनेक मीटरवर असल्यासारखं दिसतं. जवळच्या चष्म्याने ते धुरकट, दूरच्याने काहींना बरं, काहींना तेही नाही. मी दोन वर्षं लेन्सला शिव्या घालत होतो. एक दिवस कॅमेरा घेऊन चष्मेवाल्याकडे गेलो, त्याच्या पेटीतली भिंगं एकेक करून आयपीसवर (व्ह्यूफाइंडरला डोळा लावतो तिथे) धरून पाहिली आणि अधिक एकला पॅचच्या कडा सुरीसारख्या झाल्या. आयपीसवर फिरवून बसवायची छोटी भिंगं मिळतात, तीच घेतली. दृष्टी वाकडी, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असेल तर मात्र चष्मा लावूनच काम करावं लागतं.

१.२५ आणि १.४ पटीचे मॅग्निफायरही येतात. एम ९ चं व्ह्यूफाइंडर ०.६८ पटीचं, त्यामुळे रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधला ६९.२५ मिलिमीटरचा पाया (जितका मोठा तितका फोकस नेमका) प्रत्यक्षात ४७ चाच उरतो. १.४ लावला तर ६६ च्या आसपास जातो. एफ १.१ वापरायचीच असेल तर हा खर्चही त्यात धरा.

पेटाऱ्यावरचो

माका कॅमेऱ्यातला कायएक कळणा नाय. पण माझो मामा पंधरा वर्सा राजाचा काम करी, म्हणान सांगतंय. रंगवूक बसलेल्या माणसाक आधी इचार, मगे कॅमेरो काढ. आणि तू म्हणतंस तो नट सारखो हलता, ता खरा नाय. पावडर लावताना हलता, रंग कालवताना हलता. भुवयेची रेघ मारताना श्वास धरून ठेवता, हात हालता कामा नये म्हणान. तेव्हा काढ.

निशाचर

हे शंभर लेन्सांवर भारी आहे. माझी १.१ मागे घेतो. (सल्ला. लेन्स नाही.)

कोपऱ्यातला बाक

वेगळा पर्याय: ३५ एफ १.४. एक मीटरवर डेप्थ साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या ५० एफ २ पेक्षा जास्त, आणि वर प्रकाश दुप्पट. चेहरा लहान येईल, पण पेटारा आणि आरसा फ्रेममध्ये येतील, आणि तुमचं वर्णन वाचून तुम्हाला तेच हवंय असं वाटतं. नॉक्टन क्लासिक ३५ मुठीत मावते. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बंद करत गेलं की तिचा फोकस थोडा सरकतो, पण तुम्ही पडवीत एफ १.४ सोडणारच नाही. याच कारणाने झाईस सी सोनार ५० एफ १.५ मात्र विचारपूर्वक घ्या. चित्र देखणं, पण एफ १.५ ला जुळवली तर एफ २.८ ला रुसते.

आणखी एक. बल्बच्या जागी साधे एलईडी आले असतील तर १/५० किंवा १/१०० च्या जवळपासच राहा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. १/२५० ला अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा मळका येईल. जनरेटर असेल तर देवाचं नाव घ्या.

अवांतर: एम ९ वर मी आयएसओ ६४० च्या वर जातच नाही. फोटो अंधारा काढून रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची) फाइल नंतर संगणकावर उजळवतो. सावल्या तेवढ्याच खरखरीत येतात, पण बल्ब जळत नाही.

वळचण

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी हिशेब द्यायला आलोय.

सेलची चाचणी केली. दहापैकी नऊ फोटोंत मधल्याच्या मागचा सेल धारदार. मित्राची लेन्स लावली, तोच प्रकार, म्हणजे प्लॅनार निर्दोष. मुंबईत एकाने रेंजफाइंडर जुळवून दिला, माझ्यासमोर, चहा थंड व्हायच्या आत. चार वर्षं मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो. डोळ्यांसाठी अधिक अर्धा लागला. वय ४७, विचारलंत म्हणून.

निशाचर यांनी १.१ एका जत्रेपुरती उसनी दिली (या माणसाला कोणी नावं ठेवू नका). प्लॅनारवर ९६ फोटो, त्यातले ६१ डोळ्यांत धारदार. १.१ वर ४० काढले, जमले ११. पेटाऱ्याजवळ तिने हाल केले. पण नाटक सुरू झाल्यावर कडेला उभा राहून पखवाजवाल्यावर धरली, अंतर तीनेक मीटर, आणि तिथे ती लेन्स म्हणजे काय हे कळलं. त्या अंतरावर पावएक मीटरची डेप्थ मिळते, तोंड, हात, पखवाज सगळं आत बसतं आणि मागचा मांडव विरघळतो. ११ पैकी ९ तिथलेच. म्हणजे माझा समज उलटा होता: मी ती जवळच्या अंधारासाठी मागत होतो, ती लांबच्या अंधारासाठी निघाली.

सध्या १.१ घेत नाही. ३५ एफ १.४ शोधतोय, कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रात्रीतला सगळ्यात चांगला फोटो प्लॅनारचा, १/१५ ला. भुवयेची रेघ. पेटाऱ्यावरचो, तुमच्या मामांना नमस्कार सांगा.

पेटाऱ्यावरचो

सांगतंय. पण ज्येचो काढलंस तेका फोटो दिलंस काय?

वळचण

दिला, मोठी प्रिंट करून. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "उजवी भुवय वाकडी इली ती कॅमेऱ्यान की माझ्यान?" म्हटलं, तुमच्यानंच. पुढच्या जत्रेला परत काढायचा ठरलाय.