मुलीच्या ताब्यासाठी वडिलांनी अर्ज कुठे करायचा? (पुणे-सांगली)

मी पुण्यात नोकरी करतो. मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीत जायची होती. मे महिन्यात बायको तिला घेऊन माहेरी सांगलीला गेली, ती परत आलीच नाही. जूनमध्ये कळलं, तिथल्या शाळेत नावही घातलंय. घटस्फोटाचा अर्ज दोघांपैकी कोणीच केलेला नाही. तिच्या आईविषयी वाईटसाईट लिहायला इथे आलेलो नाही. पोरीला ती जीव लावते.

पण सकाळी तिच्या दोन वेण्या मीच घालायचो. डावी नेहमी सैल, व्हॅनमध्ये बसेपर्यंत रिबन सुटलेली. आता रविवारी व्हिडिओ कॉल होतो. फोन गादीवर उताणा ठेवलेला, मला दिसतो छताचा पंखा. मागच्या रविवारी त्या पंख्यातूनच आवाज आला, "बाबा, पुढचा दात पडला."

एक वकील म्हणाले, आधी घटस्फोट टाका, मग ताब्याचं बघू. मेव्हणा म्हणतो, शाळा सुटायच्या वेळेला जा आणि घेऊन ये सरळ. मला दोन्ही पटत नाही. घटस्फोट न मागता ताबा मागता येतो का? अर्ज पुण्यात की सांगलीत? घरी आई आहे, वय ६६, मुलीला तिची सवय आहे. याचा उपयोग होतो का?

प्रतिसाद १
वकील नाही, पण या चक्रातून गेलोय. घटस्फोटाशिवाय अर्ज करता येतो. गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, १८९०, कलम २५. कुठे, ते कलम ९ सांगतं: मूल सामान्यतः जिथे राहतं तिथे. पुणे की सांगली यावरच तुमची पहिली झटापट होणार, त्यामुळे उशीर करू नका. जितके महिने ती तिथल्या शाळेत काढेल तितकी सांगलीची बाजू जड.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं आहे. तुमची मुलगी त्यापुढे गेली, पण म्हणून पारडं आपोआप तुमच्याकडे झुकत नाही. कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सगळ्यात वर. आजीचा आधार तिथे मोजला जातो, तुमच्या कामाच्या वेळाही.

मेव्हण्याचं अजिबात ऐकू नका. गौरव नागपाल खटल्यात (२००८) मूल कित्येक वर्षं वडिलांकडे होतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईला दिला. मूल धरून ठेवलं म्हणून हक्क तयार होत नाही. हे अर्थात तुमच्या बायकोलाही लागू.

आणि मूळ अर्जाबरोबरच अंतरिम भेटीचा अर्ज टाका. निकालाला वेळ लागतो, तोवर मूल परकं होतं. यशिता साहू खटल्यात (२०२०) न्यायालयाने व्हिडिओ कॉलचाही विचार केलाय, तेव्हा दिवस, वेळ आणि फोन मुलीच्या हातात, असं स्पष्ट मागा. मुलीच्या खर्चाचे पैसे थांबवू नका, बँकेतूनच पाठवा. लसीकरणाचं कार्ड, फीच्या पावत्या, पालकसभेच्या सह्या, जे असेल ते गोळा करा.

धागाकर्ता
खूप आभार. उद्याच दुसऱ्या वकिलांकडे जातो. वेण्यांचं अर्जात लिहायचं का? हसतील ना?

प्रतिसाद १
लिहा. डावी सैल असायची, तेवढं वगळा.