जड क्वार्कांचे विलक्षण कण : ‘क्षय’ म्हणावं की ‘विघटन’?

प्रश्न : जड क्वार्क (प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या मूलभूत कणांपैकी जड प्रकार) असलेल्या ‘एक्झॉटिक’ कणांच्या ‘डिके’वरचा, म्हणजे एक कण संपून त्यातून दुसरे कण निघण्यावरचा, सैद्धांतिक लेख मराठीत आणते आहे. ‘डिके’साठी क्षय, ऱ्हास, विघटन हे तिन्ही शब्द वापरात दिसतात. नेमका कुठला घ्यावा? ‘एक्झॉटिक’ला ‘विदेशी’ म्हणणं तर अजिबात पटत नाही.

उत्तर : ‘विदेशी’ नकोच, ‘विलक्षण’ घ्या. एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क (क्वार्कचा प्रतिकण) म्हणजे मेसॉन, तीन क्वार्क म्हणजे बॅरिऑन. या दोन्हींत न बसणारा तो विलक्षण. ‘अनपेक्षित’ हा अर्थ मात्र त्यात येऊ देऊ नका. भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान यांनी १९६४मध्ये क्वार्कची कल्पना मांडली, तेव्हाच चार-पाच क्वार्कांच्या रचनांचा उल्लेख केला होता.

‘डिके’ला सरसकट ‘क्षय’च लिहा. ‘विघटन’ म्हटलं की आत होते तेच घटक सुटे झाले असं वाटतं, आणि तसं बहुधा नसतं. २०२१मध्ये सर्नमधल्या एलएचसीबी प्रयोगाने जाहीर केलेला टी-सीसी कण घ्या. त्यात दोन चार्म क्वार्क, एक प्रति-अप आणि एक प्रति-डाउन (चार्म हा जड प्रकार, अप आणि डाउन हलके). तो दोन डी-शून्य आणि एक धन पायॉन असे तीन मेसॉन देऊन संपतो. आता मोजा : प्रत्येक डी-शून्यात एक चार्म आणि एक प्रति-अप, पायॉनमध्ये एक अप आणि एक प्रति-डाउन. आधी चार होते, नंतर सहा झाले! अप आणि प्रति-अप ही जोडी क्षय होताना नव्याने जन्मली.

प्रश्न : पण क्षय म्हणजे हळूहळू झिजणं ना? चंद्राचा क्षय म्हणतो तसं?

उत्तर : एकटा कण झिजत नाही, हे खरं. असतो तोवर तो पुरता असतो आणि मग एकदम जातो. घटत जाते ती अशा अनेक कणांची संख्या. ‘किरणोत्सारी क्षय’ याच अर्थाने रुळला आहे, म्हणून मला अडचण वाटत नाही.

आणखी एक मत : रेणूसारखी रचना मानणाऱ्या सिद्धांतात तरी ‘विघटन’ चालावं. २००३मध्ये जपानमधल्या बेल प्रयोगात सापडलेल्या एक्स(३८७२) या विलक्षण कणाचं वस्तुमान डी-शून्य आणि प्रति-डी-स्टार-शून्य या मेसॉनांच्या वस्तुमानांच्या बेरजेला जवळजवळ चिकटलेलं आहे. ते दोन मेसॉन सैल बांधलेले असतील, तर सुटे होणं हे विघटनच.

उत्तर : त्या एका मार्गापुरतं मान्य. पण हाच कण जे-साय (चार्म-प्रतिचार्म जोडीचा मेसॉन) आणि दोन पायॉन देऊनही जातो, आणि तिथे चार्म-प्रतिचार्म उलट एकत्र येतात. सिद्धांतकार दोन्ही मार्गांचे दर काढतात, त्यांचं प्रमाण मोजमापाशी ताडतात आणि त्यावरून आतली रचना सैल आहे की घट्ट हे ठरवू पाहतात. जे अजून ठरायचं आहे ते आपल्या शब्दाने आधीच ठरवून टाकू नये, म्हणून शीर्षकात ‘क्षय’च हवा. मजकुरात मेसॉन वेगळे होतात तिथे ‘विघटन’ खुशाल लिहा.

जाता जाता : ‘भारी क्वार्क’ टाळा, ‘जड’ लिहा. त्याच परिच्छेदात ‘विद्युतभार’ येणार, आणि दोन्हींतल्या ‘भार’ची गल्लत होते.