‘फास्ट लेन्स’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: प्रवासासाठी खिशात मावेल असा कॅमेरा शोधतोय. कमी उजेडात फोटो चांगले यावेत आणि माणसामागचं दृश्य धूसर व्हावं, एवढंच हवंय. जो तो ‘फास्ट लेन्स बघ’ म्हणतो. लेन्सला वेग कसला? आणि ‘एफ १.८–२.८’ असे दोन आकडे का?

उत्तर: वेग शटरचा. लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठं असलं की उजेड जास्त येतो, शटर लवकर मिटवता येतं. म्हणून ती लेन्स ‘फास्ट’. फोकल लेंग्थला (लेन्सचं मिमीमधलं माप, झूम केलं की वाढतं) छिद्राच्या व्यासाने भागलं की एफचा आकडा मिळतो, त्यामुळे आकडा लहान तितकं छिद्र मोठं. एफ २ ला एफ ४ च्या चौपट उजेड. पहिला आकडा झूम अजिबात न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. जाहिरातीत मिरवतो तो पहिला. तुम्ही दुसरा वाचा.

कारण धूसरपणा ठरतो छिद्राच्या मिलिमीटरमधल्या व्यासावर. माणूस चौकटीत तेवढाच मोठा ठेवला आणि मागचं दृश्य बरंच लांब असलं, तर हाच व्यास निकाल लावतो. सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२) पूर्ण झूमला ३७.१ मिमी, एफ ४.९: छिद्र साडेसात मिमीच्या आसपास. कॅननचा जी७एक्स ३६.८ मिमी, एफ २.८: तेरा मिमी. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, दोन्हींत सारखाच ‘एक इंची’, सुरुवातीचा आकडाही १.८च! फुजीच्या एक्स१०० मालिकेत झूम नाही. २३ मिमी, एफ २, म्हणजे साडेअकरा. चेहऱ्यामागची धूसरता जी७एक्सची किंचित जास्तच.

आणखी एक उत्तर: पण कमी उजेडात फुजीच पुढे. ‘एक इंची’ सेन्सर कुठूनही मोजला तरी इंच भरत नाही, तो १३.२ × ८.८ मिमी. नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चिकटलंय. फुजीचा सेन्सर ‘एपीएस-सी’ मापाचा, क्षेत्रफळ त्याच्या तिप्पट, म्हणून उजेड जास्त टिपतो. ‘स्टॅबिलायझेशन’ शब्दालाही भुलू नका. ते तुमचा हात सावरतं, समोरची नाचणारी पोरं नाही.

प्रश्न: मग धूसरतेलाच ‘बोके’ म्हणतात का?

उत्तर: बोके जपानी शब्द. इंग्रजी छायाचित्रणात तो रूढ झाला १९९७ नंतर, एका अमेरिकी मासिकातल्या लेखांमुळे. तो धूसरतेच्या पोताबद्दल आहे: मागचे दिवे मऊ गोल दिसतात की कडा बोचतात. किती धूसर, हा वेगळा प्रश्न. मराठीत मात्र ‘मागे बोके छान आलेत’ म्हटलं की मांजरं शोधावीशी वाटतात. मी आपलं ‘धूसर’च म्हणतो. ‘पुसट’ला खोडरबराचा वास येतो.

मूळ प्रश्नकर्ता: माझे बहुतेक फोटो माणसांचे आणि सावकाश काढलेले. म्हणजे झूमवाला. दुसरा आकडा २.८ असलेलेच बघतो.