सल्ला, सूचना, शिफारस की अभिप्राय?

टेकडीवाली

आमच्या भागातले पंधरा-वीस जण गेले वर्षभर ओला कचरा, बोअरचं खाली चाललेलं पाणी, टेकडीवरचे वणवे असल्या गोष्टींसाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घालतोय. तिथले साहेब म्हणाले, सुटे सुटे येऊ नका, समिती करा आणि लेखी द्या. आमच्यातल्या एकाने अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाची 'सिटिझन्स सस्टेनेबिलिटी कमिटी'ची नियमावली आणून दिली. तिकडे म्हणे नगर परिषदच असे स्वयंसेवक नेमते. त्यांनी फक्त सल्ला द्यायचा, निर्णय परिषदेचा.

मराठी करायचं काम माझ्या गळ्यात. मी लिहिलं : 'नागरिक शाश्वतता सल्लागार समिती'. सोसायटीतल्या एका काकांनी वाचलं आणि विचारलं, "फी किती घेता?"

मला आधी कळेचना. मग ते म्हणाले, महापालिकेत सल्लागार म्हणजे प्रकल्पाचा आराखडा करून देणारा आणि खर्चाच्या टक्क्यांत पैसे घेणारा. तर, दुसरा शब्द काय? आणि 'शाश्वतता' बरोबर आहे का?

शनिवारकर

काकांना नमस्कार सांगा.

'शाश्वत'पासून सुरू करू. शश्वत् म्हणजे पुन्हा पुन्हा, सतत. शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं. गीतेत 'दुःखालयमशाश्वतम्' आहे, कीर्तनात देह अशाश्वत असतो. म्हणजे आपल्या कानाला हा शब्द अध्यात्मातून आलाय. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालानंतर ज्या 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'बद्दल जगभर बोललं जाऊ लागलं, त्याला मराठीत 'शाश्वत विकास' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची १७ उद्दिष्टंही आपल्याकडे 'शाश्वत विकास ध्येये' झाली. हिंदीवाले 'सतत विकास' म्हणतात. मराठीत 'सतत' म्हटलं की सततची कटकट आठवते, म्हणून आपण वाचलो.

पण मूळ कल्पना 'कायम टिकेल' अशी नसून 'पुढच्यांच्या वाट्याचं आज संपवू नका' अशी आहे. 'टिकाऊ' म्हणावं तर चप्पल डोळ्यांपुढे येते. तेव्हा विकासापुढे 'शाश्वत' चालवून घ्या, समितीपुढे नको. 'शाश्वत समिती' म्हणजे कधीच बरखास्त न होणारी. तशा पुण्यात बऱ्याच आहेत. उलट महापालिकेतल्या 'स्थायी समिती'चे निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात. नावावर जाऊ नये.

डेक्कनवाला

'पर्यावरण समिती' म्हणा आणि सुटा.

टेकडीवाली

मग पाणी आणि कचरा त्यात आहे हे लोकांना वाटत नाही हो. पर्यावरण म्हटलं की ५ जूनला रोप लावतात आणि फोटो काढतात.

माजी लिपिक

मी एका नगरपालिकेत आवक-जावक टेबलावर बरीच वर्षं काढली. पुण्यात नाही, पण कागद सगळीकडे सारखेच चालतात. नाव काहीही ठेवा, क्रियापद नीट निवडा. तुमच्या कागदाचं पुढे काय होणार ते क्रियापद ठरवतं.

'निवेदन' आलं की पोच द्यायची, शिक्का मारायचा, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून खात्याकडे पाठवायचं. बहुतेक वेळा तिथून ते दप्तरी दाखल.

'सूचना'ला दोन तोंडं आहेत. सूचना देणे म्हणजे वरच्याने खालच्याला सांगणं : आयुक्तांनी खातेप्रमुखांना सूचना दिल्या. सूचना करणे म्हणजे सुचवणं. तुम्ही 'आम्ही सूचना दिल्या' असं लिहिलंत तर टेबलामागचा माणूस नाक मुरडणारच. विकास आराखड्याच्या वेळी 'हरकती व सूचना' मागवतात, तिथे सूचना करायची असते. ती मुदतीत यायला हवी. मुदत संपली की तीच सूचना पुन्हा निवेदन होते.

'शिफारस' फारसीतून आली. व्यवहारात तिचा अर्थ वशिल्याकडे झुकतो, पण कार्यालयात ती आतल्या समितीने वरच्या सभेला करायची असते. विषय समिती मुख्य सभेला शिफारस करते. बाहेरच्याने केली तर ती नुसती इच्छा.

आणि 'अभिप्राय'. हा शब्द लोक पुस्तकाच्या परीक्षणासाठी वापरतात, पण फाइलमध्ये त्याला वजन आहे. 'अभिप्रायार्थ' असा शेरा पडला की फाइल त्या टेबलावर जाते आणि अभिप्राय लिहून सही होईपर्यंत पुढे सरकत नाही. विरोधी असला तरी तो कागदावर राहतो. पुढच्या अधिकाऱ्याला तो डावलायचा तर का डावलला, हे निदान मनात तरी जुळवावं लागतं. तुमची समिती त्या वाटेवर बसवता आली, तर 'सल्लागार' हा शब्द नसला तरी बिघडत नाही.

शनिवारकर

वा. एक पुरवणी. 'सल्ला' आणि 'मसलत' दोन्ही एकाच अरबी धातूतले, हिताशी आणि सलोख्याशी नातं सांगणारे. पेशवाईतल्या पत्रांत मसलत म्हणजे मोहिमेचा बेतसुद्धा. मराठीत सल्ला घेतला तर मान, आणि नुसता दिला तर आगाऊपणा. 'फुकटचा सल्ला' उगाच नाही आला. 'सल्लामसलत' मात्र एकट्याला करताच येत नाही, दोन बाजू लागतात.

डेक्कनवाला

कायद्यात ही दोन बाजूंची सोय आहे की. २००२ च्या जैवविविधता कायद्यात प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे, आणि तिथल्या जैविक संसाधनांबाबत निर्णय घेताना वरच्या मंडळाने तिच्याशी विचारविनिमय करायचाच आहे. 'करावा' आणि 'करू शकेल' यात किती अंतर आहे बघा. शिवाय ७४ व्या घटनादुरुस्तीतून आलेल्या प्रभाग समित्यांमध्ये आपल्या राज्यात मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची तरतूद आहे. नवी खुर्ची मागण्याआधी असलेल्या खुर्चीवर कोण बसलंय ते विचारा.

टेकडीवाली

विचारलं होतं. "माहिती घेऊन सांगतो" असं उत्तर आलं. ती कोण घेणार, हेही माहिती घेऊनच कळणार असावं.

पण एक गोष्ट आठवली. २००६-०७ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. मी एकदा तो अर्ज भरला होता. त्यात सल्ला, शिफारस काही नव्हतं. काम 'सुचवा', जागा लिहा, अंदाजे खर्च लिहा. मी चौकातल्या पावसाचं पाणी मुरवायला शोषखड्डा सुचवला. त्या वर्षी तिथे बाक आले. तीन बाक, छान आहेत, पावसाळ्यात त्यांच्या पायाशी घोटाभर पाणी असतं.

माजी लिपिक

ताई, 'सुचवणे'चं तेच होतं. सुचवलेलं काम कोणाचं, हे लगेच विसरलं जातं.

टेकडीवाली

बरं, सगळ्यांचं ऐकून नाव 'नागरिकांची पाणी-कचरा-टेकडी समिती' ठेवतेय. ओबडधोबड आहे, पण रिक्षावाल्यालाही कळेल. 'सल्लागार' काढला. भूमिकेचं कलम असं केलंय :

'महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाने या विषयांवरील प्रस्ताव समितीकडे अभिप्रायार्थ पाठवावेत. समिती पंधरा दिवसांत लेखी अभिप्राय देईल. प्रस्ताव न पाठवल्यास समिती आपणहून सूचना करेल.'

माजी लिपिक

'पाठवावेत' हे तुम्ही लिहून भागायचं नाही, त्यांच्याकडून तसं पत्र घ्या. जावक क्रमांकासकट. बाकी ठीक.

शनिवारकर

'करेल' नव्हे, 'करील'.

डेक्कनवाला

'देईल'ला जुळतंय की 'करेल'. आता सगळे तेच लिहितात.

शनिवारकर

सगळे 'शाश्वत समिती'ही लिहितील. 'करील'.