कुरळे केस फार पिंजारतात, घरगुती आणि स्वस्त उपाय हवा आहे (पाणी टँकरचं)

वाघोलीची_आई

नमस्कार. मुलगी यंदा अकरावीला गेली. केस आजीवर गेलेत, दाट आणि कुरळे, खांद्याखाली येतात. चिपळूणला होतो तोवर एका वेणीत छान बसायचे. पुण्याजवळ वाघोलीला आल्यापासून राठ झालेत आणि पाऊस सुरू झाला की भांगाजवळचे, कानाजवळचे केस नुसते उभे राहतात. सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी मिसळून येतं, नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. पार्लरमध्ये केराटिन (औषध लावून केस सरळ करणं) करा म्हणाले, साडेपाच हजार रुपये. तेवढे परवडत नाहीत आणि या वयात ते करावंसंही वाटत नाही.

सध्या रात्री खोबरेल तेल आणि सकाळी शांपू असं चालू आहे. मध्ये लिंबू आणि दहीही लावून झालं. पोरगी सकाळी साडेसहाला बस पकडते, तेव्हा सकाळी जास्त वेळ लागेल असं काही जमणार नाही. वेणी घालताना रोज रडारड होते हो, म्हणून विचारतेय.

ताई_नागपूर

कोरफड लावा. कुंडीतलं पान कापून गर केसांना चोळायचा, अर्ध्या तासाने धुवायचं. एक पैसा खर्च नाही.

कुरळी_लातूरकर

माझे केस असेच आहेत. माहेर देवरुखचं, सासर लातूरचं, त्यामुळे कोकणातलं पाणी आणि बोअरचं पाणी दोन्ही याच डोक्यावर घेतलंय. जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट बघा. चिपळूणची हवा वाघोलीपेक्षा कितीतरी दमट. तिथे केस बसत होते, म्हणजे दोष एकट्या पावसाचा नाही, पाण्याचा आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. नळावर जो थर दिसतो तोच थोडाथोडा केसावरही बसतो. केसाच्या वरच्या आवरणावर बारीक खवले असतात, ते मग नीट मिटत नाहीत. कुरळ्या केसांत ते मुळातच थोडे उघडे असतात. मग हवेतला ओलावा आत शिरतो, केस फुगतो आणि जो तो आपल्या दिशेला वळतो. त्यामुळे वरून काय लावायचं हा नंतरचा प्रश्न, आधी पाण्याचं बघा.

सगळं डोकं फिल्टरच्या पाण्याने धुवा असं मी म्हणणार नाही. नेहमीसारखं नळाच्या पाण्याने धुवू दे. मग एक लिटर पाण्यात दोन छोटे चमचे व्हिनेगर घालून ते केसांच्या लांबीवरून ओता. किराणा दुकानातलं साधं पांढरं चालतं. मिनिटभर थांबून शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घाला. व्हिनेगरने क्षार सुटतात आणि खवले मिटायला मदत होते. डोक्यात जखम किंवा खाज असेल तर मात्र वापरू नका. पावसाळ्यात गच्चीवर स्वच्छ बादली ठेवून पाणी धरलंत तर त्यासारखं दुसरं नाही, फक्त पहिले दोन-चार पाऊस जाऊ द्या. आणि आरओच्या मशीनमधून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते केसांना अजिबात घेऊ नका. बऱ्याच घरी ते वाचवून वापरतात, पण त्यात क्षार साठून आणखी वाढलेले असतात. फरशी पुसायला ठीक आहे.

लिंबू थेट चोळणं बंद करा. फार आंबट असतं, टाळू चरचरते, आणि लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. कोणी खायचा सोडा सुचवला तर तोही नको, केस आणखी राठ होतात. मध आणि ग्लिसरीन पावसाळ्यात टाळा, दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात.

तेल रात्रभर ठेवायची गरज नाही. धुण्याआधी तासभर पुरे, पण खोबरेलच लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ताडून पाहिलं होतं, त्यात हा गुण फक्त खोबरेलात दिसला.

आता पुसण्याबद्दल. टर्किश टॉवेल काढून ठेवा आणि सुती पंचा आणा, नाहीतर वडिलांचा जुना बनियन घ्या. केस घासायचे नाहीत. मान खाली करून केस पंच्यात धरायचे, खालून वर मुठीत दाबायचे, गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचे. एवढ्यानेच निम्मा फरक पडतो. विंचरायचं ते पुसण्याआधी, ओल्या केसांत, कंडिशनर लावलेलं असतानाच, जाड दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घातला की केस पिंजारणारच, आणि मला वाटतं तुमच्याकडची रडारडही त्यातलीच आहे.

शेवटी केसांना लावायचं जवसाचं पाणी. पोह्याच्या चमच्याने चार चमचे जवस आणि दोन कप पाणी मंद आचेवर ठेवा. ढवळत राहा, नाहीतर तळाला धरतं. सात-आठ मिनिटांत वर पांढरा फेस येतो आणि पाणी दाट व्हायला लागतं. चमचा उचलल्यावर धार न तुटता तार धरून खाली आली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी, की लगेच गॅस बंद. इथे अजून दोन मिनिटं गेली तर त्याचा चिकट गोळा होतो आणि गाळताच येत नाही. गरम असतानाच जुन्या मलमलच्या ओढणीतून चिमट्याने दाबून गाळा. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, आंबूस वास आला की टाकून द्या. खर्चही फारसा येत नाही.

पंचा सोडल्यावर केस ओले असतानाच हे लावायचं, दोन्ही तळहातांमध्ये बटा धरून वरून खाली, मग मुठीत चुरगाळून सोडायच्या. वाळल्यावर केस कडक लागतात, घाबरू नका. पूर्ण वाळू द्या, मग हाताला दोन थेंब खोबरेल लावून हलकेच चुरगाळा, कडकपणा जातो आणि कुरळ्या बटा जागच्या जागी राहतात.

सकाळची घाई आहे म्हणून धुणं संध्याकाळी ठेवा, आठवड्यातून दोनदा. झोपताना सैल वेणी आणि उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा. सकाळी नुसता ओला हात आणि बोटभर जवसाचं पाणी कानाजवळ, भांगाजवळ फिरवायचं.

नागपूरच्या ताई, कोरफड चांगलीच. फक्त पान कापल्यावर उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्यावा, त्याने खाज सुटते.

सावंतवाडीचा_आजोळ

आमची आजी जास्वंदीची पानं पाण्यात चुरगळायची. हिरवा बुळबुळीत रस निघतो, तोच डोक्याला लावून धुवायची. लाल गावठी जास्वंदीची पानं घ्या. फडक्यातून नीट गाळा, नाहीतर कुरळ्या केसांतून पानांचे कण दोन दिवस निघत बसतात.

बोअरवाले_काका

पाण्याबद्दल एक सांगतो. नळाला किंवा शॉवरला लावायचे जे छोटे फिल्टर मिळतात ते बहुधा गाळ आणि क्लोरीन अडवतात, पाण्याचा जडपणा त्यांनी जात नाही. पाणी उकळूनही थोडाच जातो. खरा उपाय म्हणजे सोसायटीने मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवणं. पुढच्या सभेत विषय काढा, गीझर आणि वॉशिंग मशीनही वाचतील.

वाघोलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचा घरात आहेच, आजपासून सुरू. लातूरकर ताई, दोन शंका. जवस चटणीसाठी आणलेले आहेत, ते चालतील का? आणि केराटिनचं तिने मनात घेतलंय, मैत्रिणीने केलं म्हणून. तिला काय सांगू?

कुरळी_लातूरकर

चटणीचे भाजलेले असतील तर नकोत, त्यांचा चिकटपणा कमी होतो. कच्चे, अख्खे घ्या.

केराटिनचं तिला खरं कारण सांगा. यातल्या बऱ्याच द्रावणांतून केसांवर फिरवतात त्या इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि तो कर्करोगकारक पदार्थांत मोडतो. शिवाय दोन-चार महिन्यांत परिणाम उतरतो, की पुन्हा तेवढेच पैसे. आणि कृपा करून घरात कोणी तिच्या केसांना "जंगल" वगैरे म्हणत असेल तर ते थांबवा. मी लहानपणी फार ऐकलंय, मुलींना ते लागतं. तिचे केस सरळ करायचे नाहीयेत, कुरळेच नीट ठेवायचे आहेत. पहिल्यांदा जवस लावाल तेव्हा तिलाच हाताने बटा वळवू द्या, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा, म्हणजे वाळायला वेळ मिळेल.