मदत हवी आहे: कळव्यात वन आरके, माणसं पाच, नऊ वर्षांच्या मुलीची झोप आणि चिडचिड

जागा २७० चौ. फूट, तळमजला. मागची भिंत पावसाळाभर ओली. टीव्ही रात्री साडेअकरापर्यंत, मुलगी सहाला उठते. वर्गात चिडचिड, हाणामारी. रात्री खोकला. घर बदलणं सध्या शक्य नाही. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
झोपेपासून. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास लागतात, इथे जेमतेम साडेसहा मिळतायत. झोप अपुरी पडली की मुलं पेंगतातच असं नाही, बरीचशी उलट जास्तच धुडगूस घालतात आणि वात्रट ठरतात.

झोपायची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. नऊपर्यंत यायला महिना जाईल. रविवारीही उठायची वेळ तीच. तिच्या अंथरुणापुरता दोरीवर जाड, गडद सुती पडदा. खाली वीतभर मोकळं सोडा, पंख्याचा वारा आत आला पाहिजे. नऊनंतर टीव्हीला हेडफोन. (आजी-आजोबांच्या मालिका हाच खरा अडथळा असतो, पडदा नव्हे.) घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढले असतील तर पडद्याने काही होणार नाही.

प्रतिसाद २
खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर क्षयाची तपासणी आधी. पाच जण एका खोलीत आहेत.

भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग मारू नका, ओल आतच राहते आणि पोपडे धरतात. डाग जमिनीपासून वर चढत असेल तर पाया किंवा मागची नाली बघा; खिडकीखाली असेल तर बाहेरची भेग. ती बाहेरूनच, एप्रिल-मेमध्ये, भिंत कोरडी असताना भरायची. तोवर गादी भिंतीपासून हातभर लांब. बुरशी कोरडी खरवडू नका, ती हवेत उडते. मुलगी शाळेत असताना साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरलंत तर त्यात संडास धुवायचं ॲसिड चुकूनही नको, विषारी वायू होतो.

धागाकर्ती
अभ्यासाला कोपराच नाही, त्याचं काय?

प्रतिसाद १
कोपऱ्यापेक्षा वेळ राखून ठेवा: रोज पाऊण तास टीव्ही, मिक्सर, पाहुणे बंद. शिवाय एक कप्पा फक्त तिचा, भावंडांनी हात न लावायचा. खेळणं-जेवण टाकलं, घुमी झाली आणि दोन आठवडे तसंच राहिलं तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मरणाबिरणाचं बोलली तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.